पलीकडे भांडी लावणारी

३ फेब्रुवारी

भोंगाबाई,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून दचकू नकोस. कुणी आजारी नाही, कुणी गेलेलं नाही. फोन केला असता, पण फोनवर तू गप्प बसतेस आणि मग मी हवापाण्यावर येते. मागच्या वेळी आपण नळाला पाणी किती वाजता येतं यावर बोललो आणि ठेवून दिला. पत्रात तुला मधेच "बरं वहिनी, ठेवते" म्हणता येणार नाही, म्हणून पत्र.

लिहायला कारणं दोन आहेत. पहिलं म्हणजे तुझं गाणं हॉस्पिटलच्या लाँड्रीत पोचलं.

मी आणि माझी जोडीदारीण वॉर्डातल्या चादरींच्या घड्या घालत होतो. मशीनवर नवीन मुलगी आली आहे, तिने मोबाईल खिडकीत ठेवला आणि गाणं लावलं. पहिला शब्द ऐकला आणि माझ्या हातातलं चादरीचं टोक सुटलं. जोडीदारीण म्हणाली, "काय गं, भाजलं?" मी म्हटलं, "हो." चादर केव्हाची निवली होती.

तुझं गाणं आहे हे मी कुणाला बोलले नाही. मुलीला म्हटलं, मला याचे शब्द लिहून दे, आवडलं. घरी येऊन सावकाश वाचले. मला वेळ लागतो, तुला माहीत आहे. शाळा चौथीत सुटली, पुढचं सगळं वाचनालयातून आणि तू वाचून टाकलेल्या पुस्तकांतून. अजून बोट ठेवून वाचते. त्यामुळे शब्द सुटत नाही, अर्थ मात्र कधीकधी हातातून निसटतो. म्हणून तुलाच विचारते. त्या मुलीने असं लिहून दिलंय, चुकलं असेल तर सांग:

दिवा नको, हाक नको,
मला राहू दे.
पलीकडे कुणी भांडी लावू दे,
अलीकडे मला राहू दे.
दार ओढून जा,
कडी मी लावेन,
कुणी विचारलं तर सांग,
झोपली आहे.

मला लागलेला अर्थ सांगते. हे मला दारातूनच परत पाठवणं आहे. तुझा दादा गेल्यावर तू निघून गेलीस त्याला दोन वर्षं होऊन गेली. या काळात तुझ्या मनातलं जे काही माझ्यापर्यंत आलं, ते हेच, आणि तेही खिडकीतल्या मोबाईलमधून. "हाक नको." बरं. पण मग दुसऱ्या कारणाचं काय करू ते तरी सांग.

दुसरं कारण खोली. घरमालकीण मावशी आल्या होत्या. वरची तुझी खोली हॉस्पिटलमधल्या एका नर्सला हवी आहे. मावशी म्हणाल्या, "कुलूप लावून ठेवायला खोली म्हणजे काय तिजोरी आहे? नणंद येणार असेल तर तसं सांग, नसेल तर तसं सांग. महिनाअखेरपर्यंत थांबते." त्यांचंही बरोबर आहे. वर तुझी ट्रंक आहे, टेबल आहे, आणि तो आरसा, ज्यात माणसाचं कपाळ दोनदा दिसतं.

तू येणार आहेस का? उद्या नव्हे, पण कधीतरी? नुसतं हो किंवा नाही कळव. गाण्यावरून मला ते कळत नाही.

वहिनी


११ फेब्रुवारी

भोंगाबाई,

उत्तर आलं नाही. पोस्टाला उशीर झाला असेल असं समजून पुन्हा लिहिते.

लाँड्रीत अखेर बिंग फुटलं. मुलीने गाणं पुन्हा लावलं आणि म्हणाली, "ही बाई नक्की डिप्रेशनमध्ये असणार, कुणीतरी दाखवायला हवं हिला." माझ्या तोंडून निघून गेलं, "काही नाही झालेलं माझ्या नणंदेला, लहानपणापासून अशीच आहे." मग काय, सगळ्या माझ्याकडे वळल्या.

"तुझी नणंद? आणि तू इथे चादरींच्या घड्या घालतेस?"

"नणंद गाते. चादरी गात नाहीत, त्यांच्या घड्याच घालाव्या लागतात."

त्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत तुझ्या गाण्याची चिरफाड चालू आहे. सुपरवायझर साहेब म्हणाले, हे ब्रेकअपचं गाणं आहे. साहेबांना सगळीच गाणी ब्रेकअपची वाटतात, स्वतःचं लग्न टिकलं ना. माझी जोडीदारीण म्हणाली, "मला तर बाई हे सुखाचं गाणं वाटतं. आमच्या घरात सहा माणसं आणि एक बाथरूम. मला कुणी अर्धा तास असं राहू दिलं, तर मीसुद्धा गाईन."

मुलगी म्हणाली, "पण 'अलीकडे' म्हणतेय ना ती. अलीकडे म्हणजे हल्ली. पूर्वी अशी नव्हती, हल्लीच तिला माणसं नकोशी झालीत."

मी म्हटलं, थांब. आधीच्या ओळीत "पलीकडे" आहे. म्हणजे हे "हल्ली"तलं "अलीकडे" नाही, भिंतीच्या या बाजूचं आहे. पलीकडे कुणीतरी भांडी लावतंय आणि अलीकडे ही.

असं बोलले आणि माझं मलाच थांबायला झालं. तोवर मी ती भांडी पाहिलीच नव्हती.

आता तू सांग, ज्या बाईला जगात कुणीच नको आहे, ती गाण्यात भांडी लावणारी कशाला आणेल? तिला शांतता हवी असती तर तिने ती बाई काढून टाकली असती. दिवा काढला, हाक काढली, भांडी ठेवली. म्हणजे तिला दार लावून बसायचंय, पण पलीकडे आवाज हवा आहे. घरात कुणीतरी आहे एवढं कळण्याइतका.

वाचनालयात जाऊन शब्दकोशही पाहिला. एकटी, एकाकी, एकांत असे तीन शब्द आहेत आणि तिन्हींत फरक आहे. एकटी म्हणजे मोजणी. एकाकी म्हणजे त्या मोजणीचा त्रास. एकांत निराळाच. एकांत माणूस मागून घेतो. गंमत बघ, आपण एकांत म्हणतो तो बहुतेक दोघांचा. नवीन लग्न झालेल्यांना एकांत द्या, म्हणतो आपण. एकट्या बाईला एकांत द्यायचा तर आधी कुणीतरी घरात असलं पाहिजे आणि मग ते उठून दुसऱ्या खोलीत गेलं पाहिजे. माझ्या घरात तसं कुणी नाही. माझ्याकडे मोजणी आहे, एकांत नाही.

ही तक्रार समजू नकोस. मी एकटी पडले म्हणून तुला बोलावतेय असंही नाही. माझं व्यवस्थित चाललंय. गाण्याचा अर्थ लावते आहे, तो लावू दे.

तर मला वाटतं, ती भांडी लावणारी मी आहे. तू वर खोलीत कडी लावून गुणगुणायचीस आणि खाली मी ओट्यावर असायचे. तसं असेल तर खोलीबद्दल मावशींना काय सांगायचं ते मला कळेल. महिनाअखेर लांब नाही.

वहिनी


२० फेब्रुवारी

भोंगाबाई,

तुझं कार्ड मिळालं. चार ओळींचं. इथे उतरवून काढते, म्हणजे तू काय लिहिलंस ते तुझ्याही समोर राहील:

"वहिनी, दोन्ही पत्रं मिळाली. भांडी यमकासाठी आली. 'राहू दे'ला 'लावू दे' जुळलं, इतकंच. गाण्यात माणसं शोधत बसू नकोस. खोली देऊन टाक, सामान कधीतरी येऊन नेईन."

कार्ड लाँड्रीत नेलं नाही. तुझी अब्रू राखली.

मला गाणी लिहिता येत नाहीत, त्यामुळे यमकाचं तुझं तू जाणे. पण जुळायला "जाऊ दे" होतं, "गाऊ दे" होतं, "पाहू दे" होतं. आणि "लावू दे"च हवं होतं तर दिवा लावता आला असता, अत्तर लावता आलं असतं. तू भांडी लावलीस. यमक दारापर्यंत आणून सोडतं, आत कुठल्या घरात शिरायचं ते माणूस ठरवतं. मला असं वाटतं. चुकत असेन तर सोडून दे.

आणि शेवटच्या ओळीला तर यमकही नाही. "कुणी विचारलं तर सांग, झोपली आहे." हे कुणाला सांगतेयस? दाराबाहेर कुणीतरी उभं आहे. ती येणाऱ्याला थोपवणार आहे, हिच्यासाठी खोटं बोलणार आहे. असं खोटं मी तुझ्यासाठी किती वेळा बोलले. तुझ्या मैत्रिणी यायच्या आणि तू वर नवीन चाल घेऊन बसलेली असायचीस. मी सांगायचे, झोपली आहे. वरून आवाज ऐकू यायचा आणि दादा म्हणायचा, "झोपेत गाते ती, भोंगाबाई."

तुझं "खोली देऊन टाक" वाचलं. तसंच करेन. पण एवढं कडक लिहायला मी तुझं काय बिघडवलं, ते मला खरंच माहीत नाही. माझी समजूत अशी होती की भाऊ गेला, तसं तुझं या घराशी नातं संपलं. वहिनी काय, भावाबरोबर आलेली. मी त्यावर काही म्हटलं नाही, कारण ते म्हणायचा हक्क मला आहे की नाही, हेच मला ठरवता येत नव्हतं. दुसरं काही असेल तर सरळ लिही. यमक जुळवू नकोस.

वहिनी


२६ फेब्रुवारी

भोंगाबाई,

तुझं मोठं पत्र काल आलं. बोट ठेवून वाचलं, मग बोट न ठेवता वाचलं.

तू लिहितेस: "वहिनी, तू गाणं नीट वाचलंस, फक्त भिंतीच्या चुकीच्या बाजूला उभी राहून वाचलंस. आत मी नाही, तू आहेस. दादा गेल्यानंतरचे ते दिवस आठव. तू दिवा न लावता आतल्या खोलीत पडून असायचीस. भांडी मी लावत होते. येईल त्याला 'झोपली आहे' मी सांगत होते. शेवटचे पाहुणे गेले त्या दिवशी मी बाहेरच्या दारात उभी राहून तुला विचारलं, वहिनी, मी राहू का? तू म्हणालीस, राहू दे. मी बॅग उचलली. ते गाणं तुझ्या त्या दोन शब्दांचं आहे."

आणि मी इथे लाँड्रीत बसून शहाण्यासारखी सांगत होते, भांडी लावणारी मी.

"मी राहू का" याला कुणी "राहू दे" म्हटलं तर त्याचा अर्थ नको असाच होतो. ठेवून घ्यायचं असेल तर माणूस "राहा" म्हणतं, "राहा ना गं" म्हणतं. तुझ्या जागी मी असते तरी बॅग उचलली असती.

आता मला जे आठवतं ते लिहिते. जितकं आठवतं तितकंच.

त्या दिवशी मी बाहेर आले तेव्हा तू दाराशी वाकली होतीस. तुझ्या हातात दादाचे बूट होते. ते त्याचे विजेच्या खांबावर चढायचे बूट, जाड रबरी तळाचे. कामावरून आला, दाराशी बूट काढले, जरा पडतो म्हणाला आणि उठला नाही. एवढी माणसं येऊन गेली, कुणी ओलांडून गेलं, कुणी पायाने सरकवले, पण ते होते दाराजवळच. त्याने हाताने काढून ठेवलेली ती शेवटची वस्तू होती. तू ते उचललेस. झाडायला उचललेस की कुणाला द्यायला, मला माहीत नाही. मला तेवढंच दिसलं. मी म्हटलं, राहू दे.

तू बूट खाली ठेवलेस ते मला आठवतं. तू काही विचारलंस, हे मला आठवत नाही.

विचारलंच नव्हतंस, असं मी म्हणत नाही. तू विचारलं असणार. तुझ्या ओठांकडे मी पाहत नव्हते, तुझ्या हाताकडे पाहत होते. मग तू बॅग घेऊन बाहेर पडलीस. मला वाटलं, पाहुण्यांची बॅग असेल, त्यांना स्टँडवर सोडायला गेलीस. संध्याकाळी मी दोन कप चहा केला. तुझ्या कपावर झाकण ठेवलं. अंधार पडल्यावर वर जाऊन पाहिलं तेव्हा तुझी गाण्याची वही जागेवर नव्हती, त्यावरून समजले.

हे वाचून तुला वाटेल की झालं, उलगडलं, सगळा घोळ बुटांचा. मलाही काल तसंच वाटलं आणि बरं वाटलं. रात्र गेल्यावर तितकं बरं वाटेना. कारण समजा मी तुझा प्रश्न ऐकला असता, तर काय म्हटलं असतं? सगळे गेले तेव्हा मला हायसं वाटलं होतं, हे मला पक्कं आठवतं. त्या सगळ्यांत तू होतीस की नव्हतीस? मी खूप विचार केला. मला सांगता येत नाही. कदाचित "राहा" म्हटलं असतं. कदाचित "तू पण जा आता" म्हटलं असतं आणि दोन दिवसांनी तुला फोन करून बोलावलं असतं. खोटं लिहून तुला खूश करता आलं असतं, पण तू शब्द उलटेपालटे करून बघणारी, तुला कळलं असतं.

म्हणून आता गाणं मला निराळं ऐकू येतं. आतलीला बाहेरची नको आहे, आणि हवीही आहे. तू ते मला विचारल्याशिवाय लिहिलंस, आणि मला स्वतःला जे सांगता आलं नसतं ते बरोबर लिहिलंस. याचा मला थोडा राग आला. मग राग गेला.

बूट अजून तिथेच आहेत. मी ते झाडते आणि परत तिथेच ठेवते.

मावशी रविवारी येणार आहेत. तू कार्डात "देऊन टाक" लिहिलं होतंस, मोठ्या पत्रात खोलीचं नावही नाही. म्हणजे तुझा शब्द तोच आहे असं मी धरते. दुसरं काही असेल तर रविवारच्या आत कळव.

वहिनी


५ मार्च

भोंगाबाई,

रविवारी मावशी आल्या, मी खोली दिली. नर्स त्याच संध्याकाळी दोन पिशव्या आणि एक टेबलफॅन घेऊन आली. शांत मुलगी आहे. रात्रपाळी असते, दिवसा झोपते. तुझी ट्रंक आणि टेबल आम्ही दोघींनी जिन्यावरून खाली आणलं. आरसा तिने मागून घेतला, म्हणाली, दोन कपाळं दिसतात, मजा येते. मी दिला. तुझा होता, विचारायला हवं होतं.

आणि सोमवारी तुझं पत्र आलं.

"डॉक्टरांनी गळा तपासला. काही महिने गाणं पूर्ण बंद, बोलणंही बंद, कुजबुजसुद्धा नाही. इथे राहिले तर माणसं बोलायला लावतात. खोली दिली नसशील तर येऊ का? बोलणार नाही, गाणार नाही, तुझ्या वाटेत येणार नाही. दिली असशील तर हरकत नाही, मी दुसरं बघते."

मी ते पत्र घेऊन जिन्याच्या पायरीवर बसले आणि वर नर्सच्या पंख्याचा आवाज ऐकत राहिले. तिला काय सांगू? आत्ताच आलीस, आता निघ? तिने खिडकीत पडदासुद्धा लावला आहे. ते होणार नाही. मी शब्द दिला आणि तो तुझ्याच सांगण्यावरून दिला, तेव्हा यावर तू मला बोलायचं नाही. तसंही तुला बोलायची बंदी आहे.

लाँड्रीत मी यावेळी आपण होऊनच सांगितलं. मशीनवरची मुलगी हळहळली, तिचे डोळे भरले. जोडीदारीण म्हणाली, "न बोलणारी नणंद? नशीब काढलंस गं!" मग हसणं थांबल्यावर म्हणाली, "बोलाव तिला. विचारत काय बसलीस?" सुपरवायझर साहेबांनी विचारलं, गळा कशाने बसला. मी म्हटलं, ब्रेकअपने.

तर आता जे आहे ते सांगते, त्यात बसत असेल तर ये.

वेगळी खोली नाही. दार लावून घ्यायला दारच नाही. आतल्या खोलीत माझी खाट आहे, तिच्या समोरच्या भिंतीला दुसरी खाट बसते, मी मोजून पाहिलं. खिडकीखाली तुझं टेबल ठेवलं आहे. तिथे उजेड चांगला येतो आणि समोर कुणाचं घर नाही.

माझ्याही काही सवयी झाल्यात, त्या आधीच सांगते, मागून म्हणू नकोस की वहिनी बदलली. कामावरून आल्यावर मी काही वेळ बोलत नाही. पुस्तक घेऊन बसते, कधी उघडतेही, कधी नाही. तेव्हा कुणी काही विचारलेलं मला चालत नाही. दादा होता तेव्हा अशी नव्हते, ही अलीकडची गोष्ट आहे. मुलीचं "अलीकडे" यावेळी बरोबर ठरलं. रडायला आलं तर मी रडते आणि त्यावर कुणी पाण्याचा पेला आणून देऊ नये. तुलाही तसंच काही लागत असेल तर पाटीवर लिहून सांग, मी पाटी आणून ठेवली आहे. मोठी घेतली. तुझा स्वभाव माहीत आहे.

भांड्यांचं पाळीपाळीने करू. एकीचीच ती बाजू, असं नको.

तू लिहिलं आहेस, "येऊ का?" मागे अशाच प्रश्नाचं उत्तर माझ्याकडून भलत्याच गोष्टीला गेलं. म्हणून यावेळी समोर दुसरं काही ठेवलेलं नाही. पत्र, पेन आणि मी. ये. शनिवारी सुट्टी आहे, मी स्टँडवर येते. गाडीतून उतरलीस की हाक मारता येणार नाही तुला, तेव्हा जिथे उतरशील तिथेच उभी राहा, शोधायचं काम माझं.

येताना सामान फार आणू नकोस, जागा नाही. पांघरूण आण, उशी आणू नकोस. दादाची आहे. काल उन्हात टाकली.

वहिनी